मंत्रीसाहेब, डिश बसली, पण कच्चा डेटा शिजवणार कोण?

माननीय हवामानमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

सरळ मुद्द्यावर येतो. उपग्रहाचा डेटा घ्यायला डिश बसवली की फीत कापतात, फोटो येतात, पण त्या डिशमधून खाली जे उतरतं ते तापमान नसतं की बाष्प नसतं, नुसते आकडे असतात हो, आणि त्या आकड्यांचं हवामान करायला सॉफ्टवेअर लागतं, आणि ते सॉफ्टवेअर रोज चालतं ठेवणारं माणूस लागतं. मी पाहिलेल्या टेंडरांत डिशची पानंच्या पानं असतात. त्या माणसाची एक ओळ नसते. माझं भांडण तेवढंच आहे.

आता हे माणूस नक्की करतं काय ते सांगतो, कारण बटण दाबलं की नकाशा येतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. नोआ-२० हा उपग्रह घ्या, २०१७ ला वर गेला, साधारण ८२४ किलोमीटरवरून फिरतो, एका पासला, म्हणजे डोक्यावरून एकदा जाताना, आपल्या आकाशात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. हवेचं तापमान तो मोजतच नाही, मोजतो ते खालून वर येणारं रेडिएशन. त्याच्यावरच्या क्रिस नावाच्या इन्फ्रारेड साउंडरला (हवेचे थर वरून चाचपणारं उपकरण) २२११ चॅनेल, म्हणजे रेडिएशनचे वेगवेगळे पट्टे, आहेत, एटीएमएस या मायक्रोवेव्हवाल्याला २२. कुठल्या चॅनेलला वरचे थर जास्त जाणवतात, कुठल्याला जमिनीजवळचे, आणि हे सगळं समोर ठेवून सॉफ्टवेअर उलटं गणित करतं, की खाली हवा कशी असेल तर वरून असं दिसेल. घोळ असा की उत्तर एकच येत नाही! वेगवेगळ्या हवेतून जवळपास तेच रेडिएशन निघू शकतं, म्हणून गणिताला आधी एक अंदाज द्यावा लागतो, आणि तो अंदाज शिळा असला तर प्रॉडक्टही (तयार झालेले तापमान-बाष्पाचे आकडे) शिळंच निघतं. शिवाय ढग. इन्फ्रारेडला दाट ढगाखालचं दिसत नाही, मायक्रोवेव्ह बऱ्यापैकी आरपार बघतं, पण जोरदार पाऊस असला की तेही गडबडतं.

बरं, सॉफ्टवेअर महाग आहे म्हणावं तर तेही नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाचं सीएसपीपी फुकट आहे, युरोपातलं एएपीपी फुकट आहे, लिनक्सवर चालतात. न्यूकॅप्स नावाचं सॉफ्टवेअर तर तापमान आणि आर्द्रतेचा १०० पातळ्यांचा प्रोफाइल, म्हणजे खालपासून वरपर्यंतचा आलेख, काढून देतं. मग अडतं कुठे? मी काही काळ एका ठिकाणी (नाव सांगत नाही) हेच काम केलं. नवा उपग्रह वर गेला होता आणि आमच्या जुन्या व्हर्जनला तो ओळखूच येईना, अपडेट करायचं तर परवानगी लागणार, परवानगी देणारे साहेब बदलीवर. कॅलिब्रेशनच्या (उपकरणाचे आकडे जुळवून घ्यायच्या) फाइल्स नेटवरून आपोआप उतरायच्या, त्या फायरवॉलने अडवल्या, आणि प्रोसेसिंग कधी जुन्या तक्त्यांवर चाललं कधी मधेच थांबलं, कोणाला पत्ता नाही. डिश मात्र इमानदारीत प्रत्येक पासला फिरत होती.

तुम्ही म्हणाल वरची हवा मोजायला बलून सोडतोच की आपण. सोडतो, पण ठराविक ठिकाणांहून आणि बहुतेक दिवसातून दोनदाच. हा उपग्रह दुपारी दीडच्या सुमाराला जातो, म्हणजे वादळी ढग उभे राहायच्या जरा आधी, वरची हवा किती अस्थिर आहे हे बघायला याहून चांगली वेळ कुठली? आणि स्वतःच्या डिशवर घेतलं तर पास संपल्यावर थोड्या वेळात प्रोफाइल हातात येतो. तोच संध्याकाळी आला तर काय त्याची पूजा करायची?

म्हणून पुढची डिश जरा थांबवा आणि आधी आहे त्या डिशमागे दोन-तीन कायमची माणसं बसवा, कंत्राटी नकोत, कारण हे काम हातात बसायलाच वर्ष जातं. प्रॉडक्ट लोकांना द्याल तेव्हा क्वालिटी फ्लॅगसकट (आकडा कितपत भरवशाचा याची खूण) द्या, नाहीतर ढगाखालचा भरवशाचा नसलेला आकडाही लोक खरा धरून बसतात. आणि कच्चा डेटा पुसू नका प्लीज, डिस्क भरली म्हणून पुसलेला मी बघितलाय, उद्या अल्गोरिदम सुधारला तर परत चालवायला तोच लागतो.

तोवर एक करा. उद्या दुपारी दीडच्या पासला कन्सोलवर कोण बसणार आहे, एवढं खात्यात फोन करून विचारा.

आपला,
एक जुना डेटावाला