टक्के ठळक, अटी बारीक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दातांच्या विम्याची एक जाहिरात मी जपून ठेवली आहे. ‘मोठ्या उपचारांचा ५० टक्के खर्च आमचा’ ही ओळ साधारण ४८ पॉइंटात आहे आणि खालची तळटीप जेमतेम ६ पॉइंटात. ३१ वर्षं मुद्रितशोधनात गेल्यामुळे टंकाचा आकार मला नजरेनंच कळतो. तरीही त्या ५० टक्क्यांना मी भुलले, हे कबूल करायला हवं.

माझी खालची डावी पहिली दाढ, दंतवैद्यांच्या भाषेत ३६ क्रमांक, उभी चिरली. रूट कॅनाल झालं होतं, पण वर कॅप बसवायचं मी लांबणीवर टाकलं होतं. आता दाढ काढून इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) लावायचं आणि उजवीकडची १२ वर्षांची जुनी कॅप बदलायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. खर्च ऐकून वाटलं, आधी विमा उतरवू, मग तोंड उघडू. माझ्या आरोग्य विम्यात दातांविषयी एकच ओळ होती : अपघातात इजा झाली तरच.

मग दातांच्या दोन योजनांची कागदपत्रं मागवली आणि हिशेब मांडला. एकूण खर्च १०० धरला. पहिल्या योजनेत ५० टक्के, म्हणजे ५० मिळायला हवेत. पण वर्षभरात जास्तीत जास्त २५च देणार, अशी मर्यादा नवव्या पानावर होती. मोठ्या उपचारांसाठी १२ महिने थांबायचं. वर्षाचा हप्ता ८, म्हणजे पैसे मिळेपर्यंत दोन हप्ते भरून झालेले. हाती उरतात ९. दुसरीत टक्के कमी, ४०च. पण मर्यादा ४५, प्रतीक्षा सहा महिने आणि हप्ता ११. हाती २९. जाहिरातीत जी योजना उजवी दिसत होती, ती हिशेबात पार मागे पडली.

दोन्हींत आणखी एक अट होती, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पॉलिसी सुरू होण्याआधी जो दात पडलेला किंवा काढलेला असेल, त्याच्या जागी काहीही बसवलं तरी भरपाई नाही. कितीतरी लोक दुखतं म्हणून दाढ काढून घेतात आणि मग सावकाश विमा शोधतात. त्यांचा हक्क दाढेबरोबरच गेलेला असतो, आणि हे कुणी त्यांना सांगत नाही.

पहिल्या कंपनीच्या प्रतिनिधीनं फोनवर ‘इम्प्लांटसुद्धा कव्हर आहे’ असं ठामपणे सांगितलं. मी डॉक्टरांकडून दातांच्या क्रमांकांसह उपचारांचा आराखडा लिहून घेतला, तो जोडला आणि लेखी उत्तर मागितलं. नऊ दिवसांनी आलं : इम्प्लांट केलं तरी रक्कम काढता-घालता येणाऱ्या कवळीच्या दरानं मिळेल. फोनवरच्या शब्दावर विसंबून मी हप्ता भरला असता, तर?

दुसरी योजना घ्यावी म्हणून सहा महिने थांबायची माझी तयारी होती. डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरला. मुळाशी पू होता. संसर्ग तसाच ठेवला तर भोवतालचं हाड खात जातो. दाढ काढून नुसती जागा मोकळी ठेवली, तरी तिथलं हाड पहिल्या काही महिन्यांतच झपाट्यानं झिजतं. फार झिजलं तर इम्प्लांटआधी हाड भरावं लागतं. तो खर्च वेगळा. प्रतीक्षा काळाची ही किंमत कुठल्याच तक्त्यात नसते. ती ज्याच्या त्याच्या तोंडात असते आणि फक्त डॉक्टरच सांगू शकतात.

दाढ काढली. त्याबरोबर इम्प्लांट विम्याच्या बाहेर गेलं. उरली जुनी कॅप : तिचा खर्च १०० पैकी २५, भरपाई १०, हप्ता ११. मी दोन्ही अर्ज परत केले आणि डॉक्टरांकडे हप्ते बांधून घेतले. मुलीसाठी मात्र दुसरी योजना घेतली. तिचे सगळे दात शाबूत आहेत आणि वर्षातून दोनदा तपासणी नि सफाई पहिल्या दिवसापासून मिळते.

माझी विनंती विमा कंपन्यांना आहे, आणि जाहिराती छापणाऱ्या आपल्यासारख्या वृत्तपत्रांनाही. टक्केवारी ज्या टंकात छापता, त्याच टंकात तिच्या शेजारी वार्षिक मर्यादा, प्रतीक्षा काळ आणि आधी गेलेल्या दाताची अट छापा. चार ओळी होतील. ४८ पॉइंटात बसत नसतील, तर चारही ओळी २४ पॉइंटात घ्या.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक