नंबर जुळवता, तशी नळीही तपासा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

हे पत्र नवं लायसन मागायला लिहिलेलं नाही. आजोबांची दुनाळी बारा बोर बंदूक वडिलांनंतर वारसाहक्कानं माझ्या नावावर चढली. पोलीस पडताळणी झाली, भावाबहिणींची संमतीपत्रं घेतली, बंदुकीचा नंबर कागदाशी दोनदा जुळवला. या नळीत कोणतं काडतूस चालतं, हे मात्र ठाण्यात कोणी विचारलं नाही, जिल्ह्याच्या कचेरीतही नाही.

वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडे अशा बंदुका जुन्या घरांतून आहेत. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, बंदुका राहिल्या. डुक्कर नाहीतर रोही (नीलगाय) मारायला वनखात्याची परवानगी लागते, तो विषय वेगळा. पण तूर-हरभऱ्याच्या दिवसांत जागलीला जाणारा माणूस आजोबांची बंदूक बाहेर काढतो आणि दुकानात मिळेल ते काडतूस आणतो. दुकानदार लायसन बघतो. त्यावर लिहिलेलं असतं ‘१२ बोर’. झालं.

बारा बोर सगळ्या सारख्या नसतात, साहेब. ‘बोर’ हे नळीच्या आतल्या रुंदीचं माप, काडतुसाच्या लांबीचं नाही. नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेला चेंबर म्हणतात. जुन्या इंग्रजी बंदुकांचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यावरची, तोंड उलगडल्यानंतरची असते. भरलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड भरतं आणि ६५ च्या चेंबरमध्ये गुमान बसतं. बंदूक बंद होते, घोडे चढतात, काही अडत नाही. बार होतो तेव्हा मात्र ती दुमड उलगडायला जागा नसते. तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. पहिल्याच बाराला नळी फुटेल असं नाही, आणि खरा घात तिथंच आहे. चाललं की माणसाला वाटतं, चालतंच. बार काढणाऱ्याचा डावा हात नळीखाली असतो.

दुसरी गोष्ट लोखंडाची. काही जुन्या नळ्यांवर वेलबुट्टीसारखी नक्षी दिसते. ती कोरलेली नसते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून नळी घडवली त्याची ती खूण. या डमास्कस नळ्या मूळच्या बंदुकीच्या जुन्या, काळ्या दारूसाठीच्या. काही पुढे नव्या, बिनधुराच्या दारूसाठीही तपासून घेतलेल्या आहेत, पण ते नक्षीवरून कळत नाही. नळ्या उतरवून खालच्या सपाट बाजूचे शिक्के वाचावे लागतात. आमच्या बंदुकीवर मुकुट आहे, ‘नॉट फॉर बॉल’ आहे, ‘नायट्रो प्रूफ’, म्हणजे नव्या दारूसाठी तपासल्याचा शिक्का, कुठंही नाही. म्हणजे नळी तोंडाशी आवळलेली, तिच्यात गोळी घालायची नाही, आणि नव्या दारूची खात्री कुणी दिलेली नाही. डुकरासाठी हिच्यातच एकगोळी काडतूस घाल, असा सल्ला मला गावात मिळालेला आहे. आम्ही तिच्यात काहीच भरत नाही.

फुसका बार झाला, बुच्चा (दारू आणि छऱ्यांमधला डाट) नळीत अडकला आणि वरून दुसरं काडतूस सोडलं, तर चांगली नळीही फुटते. हे तरी निदान लोकांना माहीत असतं.

२०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षण आलं, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी दोनच बंदुकांची मर्यादा आली, त्यात वारसानं आलेल्याही मोजल्या. संख्या मोजून झाली. आता नळी मोजा. वारसाच्या नावावर बंदूक चढवण्याआधी जिल्हा पोलीस मुख्यालयातल्या आर्मररनं (शस्त्रं तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या माणसानं) गेज लावून चेंबर मोजावं, शिक्के वाचावेत, नळी आतून बघावी आणि लायसनसोबत मराठीत एक सहीशिक्क्याचा कागद द्यावा : चेंबर इतकं, काडतूस हे, किंवा ‘बार काढू नये’. लायसनचा नमुना केंद्राचा आहे, ठाऊक आहे. जोडकागदाला दिल्लीला विचारायची गरज पडू नये. ज्या बंदुका आधीच नावावर आहेत त्यांच्यासाठी वेगळी मोहीमही नको. निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्याकडच्या बंदुका ठाण्यात जमा होतात आणि निकालापर्यंत कपाटात पडून राहतात. तेवढ्या दिवसांत आर्मररला एक फेरी मारू द्या.

काडतुसांच्या दुकानांनाही सांगा, की बिलावर लांबी लिहा. आणि ६५ मिलिमीटरची काडतुसं नागपुरात, अमरावतीत मिळतील असं बघा, नाहीतर कागदावर ६५ लिहिलेलं असूनही माणूस ७० चीच डबी घेऊन येईल.

शेवटचं एक. तपासणीत नापास झालेली बंदूक जप्त करू नका. ती कायमची निकामी करून आजोबांची आठवण म्हणून घरी ठेवायची सोय द्या. ‘तपासायला नेली की गेली’ असं एकदा गावात पसरलं, तर एकही जुनी नळी आर्मररसमोर येणार नाही.

आपला,
वर्धा जिल्ह्यातला एक परवानाधारक शेतकरी