मुरुजुगाच्या खडकांवरचा धूर

महोदय,
पश्चिम ऑस्ट्रेलियातील मुरुजुगा या आदिवासी शिल्पस्थळाला युनेस्कोने जुलै २०२५मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, याचा मनापासून आनंद झाला. तांबूस खडकांवर कोरलेले कांगारू, कासवे, मासे, इतकेच काय, मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला थायलासिन हा पट्टेरी शिकारी प्राणीसुद्धा तिथे आहे! पण या भूमीच्या याबुरारा लोकांची १८६८मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली, हे बातम्यांत क्वचितच येते. एका पोलिसाच्या हत्येचा तो सूड होता. पुढे १९८०च्या दशकात नैसर्गिक वायूच्या प्रकल्पासाठी शेकडो कोरीव खडक मूळ जागेवरून उचलून कुंपणाआड ठेवले गेले. एवढे होऊनही सप्टेंबर २०२५मध्ये त्याच प्रकल्पाला २०७०पर्यंत मुदतवाढ मिळाली. हा निर्णय संतापजनक आहे. प्रकल्पाच्या धुरातील आम्लामुळे खडकांचा वरचा थर झिजतो, असे संशोधक बजावत आले आहेत. बारसूच्या सड्यावरील कातळशिल्पांशेजारी रिफायनरीचा घाट घातला गेला तेव्हा आम्हा कोकणवासीयांनाही हीच धास्ती होती. मुरुजुगातील धुराची मोजणी कंपनीवर न सोडता तिथल्या पारंपरिक राखणदारांच्या देखरेखीखाली व्हावी आणि तिचे आकडे जाहीर व्हावेत.
– एक वाचक, रत्नागिरी