मान खाली म्हणजे लक्ष नाही असं कुणी सांगितलं?

संपादक साहेब, नमस्कार. माझी बहीण अमेरिकेत सेंट पॉलला असते, तिकडे ह्मोंग जमातीचे लोक खूप, १९७५ नंतर लाओसमधून पळून थायलंडच्या निर्वासित कॅम्पांतून आलेले. त्यांची पोरं टीचरच्या डोळ्यात बघायची नाहीत म्हणून बोलणी खायची, आणि घरी तर मोठ्यांपुढे मान खाली हाच संस्कार! (आपल्याकडे वेगळं काय होतं हो?) वर दवाखान्याचे कागद आईबापांना वाचून दाखवायचे तेही पोरांनीच. परवा वारज्यात पालकसभेला तेच बघितलं, साइटवरच्या मजुराची पोरगी बाईंचं मराठी बापाला कन्नडमधून सांगत होती, स्वतःची तक्रार तेवढी गाळून. मला थोडं कन्नड येतं म्हणून हसू आलं. मान खाली घालणाऱ्या या पोरीच्या वहीत मात्र शेरा मारलाय, 'वर्गात लक्ष नसते'. कन्नड बोलणारी एखादी ताई सभेपुरती बोलवा ना.

– एक पालक, वारजे, पुणे