सात कण आणि त्यांच्या मोजणीचा हिशेब

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत ‘स्टारडस्ट ॲट होम’ या उपक्रमावरचा लेख वाचला. सामान्य माणसे घरबसल्या सूक्ष्मदर्शकातली चित्रे चाळून अंतराळातली धूळ शोधतात, हा विषय मराठी वाचकांपुढे आणल्याबद्दल आभार. मात्र लेखात दोन चुका राहिल्या आहेत, आणि या सगळ्या प्रकरणातली मुख्य गोष्ट तर आलेलीच नाही.

आधी चुका. लेखात धूमकेतूची धूळ आणि आंतरतारकीय, म्हणजे ताऱ्यांमधल्या अवकाशातून येणारी, धूळ यांची सरमिसळ झाली आहे. नासाचे स्टारडस्ट यान ७ फेब्रुवारी १९९९ रोजी निघाले. त्यावरचा धूळ पकडणारा सापळा टेनिसच्या रॅकेटसारखा होता आणि त्याच्या दोन्ही बाजू वापरायच्या होत्या. २ जानेवारी २००४ रोजी यान ‘व्हिल्ट-२’ धूमकेतूजवळून गेले तेव्हा एक बाजू पुढे होती. दुसरी बाजू २००० आणि २००२ मध्ये मिळून सुमारे १९५ दिवस सूर्यमालेबाहेरून येणाऱ्या धुळीच्या प्रवाहाकडे धरली होती. हा सापळा असलेली कुपी १५ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात उतरली. धूमकेतूच्या बाजूला एवढा माल होता की कणांनी आत घुसताना पाडलेले मोठे माग नुसत्या डोळ्यांना दिसत होते; तिथे स्वयंसेवकांचे काहीच काम नव्हते. लोकांना साद घातली गेली ती दुसऱ्या, जवळजवळ कोऱ्या बाजूसाठी.

दुसरी चूक म्हणजे ‘स्वयंसेवकांनी सात कण शोधले’ हे वाक्य. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर झालेल्या सातांपैकी तीन एरोजेल या सापळ्यातल्या पारदर्शक पदार्थातले होते. उरलेल्या चारांचे अवशेष एरोजेलच्या वड्यांमधल्या ॲल्युमिनियमच्या फॉईलवर, सूक्ष्म खळग्यांत मिळाले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शास्त्रज्ञांनी शोधले. शिवाय सातही ‘बहुधा आंतरतारकीय’ आहेत. ‘बहुधा’ हा शब्द शास्त्रज्ञांनी विचारपूर्वक ठेवला होता, लेखात तो गळाला.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे हे कण शोधायची आणि पडताळायची पद्धत. एरोजेल म्हणजे सिलिकाचा, जवळजवळ सगळी हवाच असलेला निळसर पारदर्शक पदार्थ. त्याच्या १३२ वड्या, प्रत्येक साधारण २ बाय ४ सेंटीमीटर आणि १ सेंटीमीटर जाड. एवढ्या जागेत डझनावारी कण असतील-नसतील, आणि प्रत्येक कण एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास. ह्यूस्टनमध्ये स्वयंचलित सूक्ष्मदर्शकाने वड्यांच्या एकेका चिमुकल्या चौकटीची सुमारे ४० चित्रे घेतली: पहिली पृष्ठभागाच्या किंचित वरून, पुढची फोकस थोडा थोडा खाली नेत, साधारण १०० मायक्रॉन खोलीपर्यंत. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अँड्र्यू वेस्टफाल यांच्या गटाने १ ऑगस्ट २००६ पासून ही चित्रमालिका लोकांसमोर ठेवली.

पाहणाऱ्याने काय करायचे? आधी पृष्ठभाग शोधायचा. बारीक कचरा आणि ओरखडे ज्या चित्रात एकदम स्पष्ट दिसतात, तो पृष्ठभाग. तिथून फोकस हळूहळू खाली न्यायचा. वर स्पष्ट असलेले जे खाली जाताना धूसर होऊन विरते, ते वर पडलेले कुसळ. जे खोलवरच उमटते आणि ज्याच्या डोक्यावर पृष्ठभागात भोकच नाही, तो एरोजेल तयार होतानाच आत राहिलेला दोष. पृष्ठभागावर भोक आणि खाली जावे तसे त्याच जागी टिकून राहणारे गोल कडे दिसले, तर तो माग असण्याची शक्यता. भेगा फाटे फोडत जातात, माग फाटत नाही. काही मालिकांत पृष्ठभाग येतच नाही. पदार्थ पारदर्शक आणि वरून उंचसखल, त्यामुळे यंत्राचा फोकस चुकतो. अशा वेळी अंदाज बांधत बसायचे नाही, ‘फोकस खराब’ असे नोंदवून पुढे जायचे.

हे संगणकाला का दिले नाही, असा प्रश्न लेखात विचारून सोडून दिला आहे. उत्तर साधे आहे: संगणकाला शिकवायला खऱ्या मागाचे नमुनेच नव्हते. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या धूलिकण-त्वरकात, म्हणजे धुळीचे कण प्रचंड वेगाने फेकणाऱ्या यंत्रात, एरोजेलवर कण मारून तयार केलेले माग होते, तेवढेच. गंमत अशी की खरे कण अपेक्षेपेक्षा बरेच हळू आलेले निघाले. फक्त ठरावीक साच्याचेच माग वेचणारी यंत्रणा तिथे फसली असती, असे वाटते. माणूस तांदूळ निवडताना खडाच शोधतो असे नाही, ‘तांदूळ नसलेले’ काहीही त्याच्या नजरेला खटकते.

पण नजर खटकली म्हणून विज्ञान होत नाही. हायडेलबर्गचे तेच माग खऱ्या चित्रांत बेमालूम बसवून, आणि काही मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या, अशा परीक्षेच्या मालिका अधूनमधून पुढे यायच्या. त्यांचे उत्तर संयोजकांना ठाऊक, पाहणाऱ्याला नाही. बरोबर ओळखले तर गुण वाढतो, चुकले तर कमी होतो. त्यामुळे कोण किती माग चुकवतो आणि कोण नसलेले माग पाहतो, हे आकड्यात कळते. शिवाय एकच मालिका अनेकांकडे जाते. समजा, पाहणारा पाचातला एक माग चुकवतो. तीच मालिका पाच जणांनी एकमेकांना न विचारता पाहिली, तर पाचही जण चुकण्याची शक्यता ३,१२५ मध्ये एक. हे गणित कागदावरचे आहे हेही खरे. अगदी पुसट माग सगळ्यांच्याच नजरेतून सुटतो. म्हणून तर परीक्षेच्या मालिकांत पुसट मागही हवेत.

या शिस्तीमुळेच ‘इथे काही नाही’ हे उत्तरही वापरता येते. दहा कोटींहून अधिक वेळा चित्रे तपासली गेली आणि ३०,७१४ स्वयंसेवक शोधनिबंधाच्या लेखकांत सामूहिकपणे नोंदले गेले. एरोजेलमधल्या तीन कणांपैकी ‘ओरायन’ सुमारे ३ पिकोग्रॅमचा, म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले तीन. ‘हायलाब्रुक’ त्याहून किंचित जड. ‘सोरोक’चा तर नुसता मागच उरला, कण आदळतानाच विरून गेला, रशियन भाषेत सोरोक म्हणजे चाळीस, आणि माग क्रमांक ४०.

सापडलेले बहुतेक माग तर यानाचेच निघाले. सौर पट्ट्यांवर काही आदळले की त्यांच्या काचेच्या ठिकऱ्या एरोजेलमध्ये घुसत. माग त्या पट्ट्यांच्या दिशेने आला का ते पाहायचे, मग काचेच्या सुईने तो माग एरोजेलच्या पाचरीसकट कापून काढायचा आणि सिंक्रोट्रॉन या मोठ्या यंत्रातून मिळणाऱ्या प्रखर क्ष-किरणांखाली धरायचा. त्या काचेत सिरियम हे मूलद्रव्य असते. ते दिसले की कण यादीतून बाद. ऑक्सिजनच्या समस्थानिकांची चाचणी अधिक निर्णायक, पण त्यात कणच खर्ची पडतो.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण लेखाची शेवटची चौकट. त्यात शाळांना गच्चीवर चुंबक फिरवून ‘अंतराळधूळ’ गोळा करायला सुचवले आहे. उपक्रम जरूर करावा. पण आपल्या गच्च्यांवर वेल्डिंगचे, ग्राइंडरचे आणि दिवाळीच्या फटाक्यांचे लोखंडी गोळे भरपूर असतात, आणि ते गोल, काळे, चकचकीत, फार सुंदर दिसतात. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पन्हळीच्या तोंडाशी साठलेल्या गाळावरून फिरवा. पिशवी उलटी करून माल बशीत पाडा, धुवा, वाळवा. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडेल तेवढेच घ्या. मग फॅब्रिकेशनच्या दुकानातले मोजून २० गोळे त्यात शिक्षकांनी गुपचूप मिसळावेत. तीन विद्यार्थ्यांनी तोच नमुना वेगवेगळ्या वेळी, एकमेकांची वही न बघता तपासावा. २० पैकी किती सापडले, हा आकडा फळ्यावर आधी लागला पाहिजे. मुलांनी फार तर ‘संशयित’ म्हणावे. खात्रीसाठी कणाची रासायनिक तपासणी लागते आणि ती शाळेत होत नाही.

तेव्हा विनंती एवढीच: यापुढे ‘अमुक शाळेला अंतराळधूळ सापडली’ अशी बातमी आली, तर एकूण किती कण तपासले आणि मिसळलेल्यांपैकी किती सुटले, हे दोन आकडे विचारून मगच ती छापावी.

आपला,
एक वाचक, पुणे