काँक्रीट पडण्याआधी मोजून घ्या: दुबईहून घरी पत्र

दुबई
नागपंचमी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

नकाशा मिळाला. खोल्यांची मांडणी पसंत आहे, पडवी तर अगदी हवी तशी. १००० चौरस फुटांचं जोतं, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती, स्लॅब आणि त्यावर कौलं, हे नक्की धरून लिहितो. पत्र मंदारलाही वाचायला द्या, कारण साइटवर टेप त्याच्याच हातात असणार. फोटोत प्रत्येक काम चांगलंच दिसतं, त्यामुळे दर्जा मला इथून कळणार नाही. पण मोजमाप इथूनही तपासता येतं. म्हणून जे जे मातीखाली किंवा काँक्रीटमध्ये जाणार आहे ते झाकण्याआधी मोजायचं, आणि मोजल्यावरच पैसे द्यायचे. ही शिस्त शेवटपर्यंत पाळूया.

आधी कागद. सातबाऱ्यावर आजोबांचे सगळे वारस अजून सामाईक आहेत. दोन्ही आत्या ‘बांधा खुशाल’ म्हणाल्या ते मनापासूनच, पण तोंडी संमती ऑफिसात चालत नाही आणि पुढच्या पिढीला ती ठाऊकही नसते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र, मग फेरफार, मग बदललेला सातबारा, या क्रमानंच जाऊया. वारसांपैकी संदेशला त्यासाठी शारजाहून यायला नको. तो इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात काकूच्या नावे मुखत्यारपत्र साक्षांकित करून घेईल. त्यात आपला गट नंबर, क्षेत्र आणि हक्कसोडपत्र करून ते नोंदवण्याचा अधिकार, एवढंच असावं. सरसकट अधिकार नकोत. तो कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते राहिलं तर नेमकं नोंदणीच्या दिवशी काम अडतं. सरकारी मोजणीचा अर्जही आताच करून ठेवा. गट गावठाणाबाहेर आहे, तेव्हा बिनशेतीचं काय करायचं ते तहसील कार्यालयात आधी विचारा आणि मगच बांधकाम परवानगीकडे वळा.

आता हंगाम. पाऊस थांबला की दसऱ्याच्या सुमारास पाया खणायला घ्यायचा आणि स्लॅब जानेवारीत टाकायचा. सगळे मे महिन्याकडे बघतात, पण आपल्याकडे कोकणात पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडूनही एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. १००० चौरस फूट स्लॅबवर आळी करून २ इंच पाणी उभं करायचं तर पहिल्या भरणीलाच सुमारे ४७०० लिटर लागतं, आणि ते १४ दिवस टिकवायचं असतं. मे महिन्यात हे टँकरवर जातं, मग स्लॅब कोरडा राहतो, आणि कोरड्या राहिलेल्या स्लॅबला भेगा पडून पहिल्याच पावसात गळती लागते.

चिऱ्याचं आतापासून बघा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ आणि ओला असतो, हवा लागल्यावर कठीण होतो. ऑक्टोबरात नव्यानं कापलेला चिरा लगेच भिंतीत नको. मे महिन्यापूर्वी कापून रचून ठेवलेला माल मिळतो का ते विचारा. चिऱ्यात पिवळ्या मातीच्या पोकळ्या दिसल्या तर तो बाजूला काढायचा. आकार प्रत्येक खाणीचा वेगळा असतो. १४ इंच लांब, ७ इंच उंच, ९ इंच जाड असा निघाला तर सांधे धरून १०० चौरस फूट भिंतीला सुमारे १३० चिरे लागतात. मोडतोडीसाठी ५ ते ७ टक्के जास्त धरा.

वाळूच्या बाबतीत माझा आग्रह आहे. खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्यातला क्षार आतल्या सळईला गंज आणतो, गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांनी स्लॅबच्या खालच्या अंगाचे पापुद्रे सुटतात. क्रश सँडच (दगड भरडून केलेली वाळू) घ्या, ब्रास मोजून. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि ते गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी व मालाची उंची टेपनं मोजूनच धरायचं.

जोत्याची भर ठोकून झाली की कोबा घालण्याआधी वाळवीचं औषध. क्लोरपायरीफॉस २० टक्के हे १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी या प्रमाणात मिसळून दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण ओतायचं असतं. आपलं जोतं ९३ चौरस मीटर भरतं, म्हणजे ४६५ लिटर द्रावण आणि सुमारे २३ लिटर मूळ औषध. पायाच्या भिंतीलगतचं वेगळं. मंदारनं सील फोडताना हजर राहावं आणि रिकामे डबे मोजावेत. पाच लिटरचा एकच डबा शिंपडून काम झालं म्हणणारे पुष्कळ असतात, आणि आपल्याकडची वाळवी दाराच्या चौकटीपर्यंत पोचली की उपाय फार महाग पडतो.

सळई फे ५०० डी या दर्जाची घ्या. काट्याच्या पावतीवर विसंबू नका, नग मोजा. व्यासाच्या वर्गाला १६२ नं भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई १०.६६ किलो भरते, ८ मिमीची ४.७४. बारा मिमीला ५ टक्क्यांपर्यंत फरक मानकातच चालतो. त्याहून कमी भरली तर गाडी परत. सळईखाली खडीचे तुकडे ठेवू देऊ नका, सळईभोवती काँक्रीटचा थर (कव्हर) राखणारे सिमेंटचे कव्हर ब्लॉक हवेत: पायाला ५० मिमी, कॉलमला ४०, बीमला २५, स्लॅबला २०. कव्हर कमी पडलं की गंजाला वाट मिळते, मग वाळू कितीही चांगली असो.

स्लॅबच्या दिवशी पहिलं मिक्सर फिरण्याआधी मला व्हिडिओ कॉल करा. तिकडचे सकाळचे ८ म्हणजे इथले साडेसहा, मी ड्युटीच्या आधी मोकळा असतो. सळईतलं अंतर टेप लावून दाखवा, तसेच लाइटचे पाइप, पंख्याचे हुक आणि बाथरूमचा खोलगट भाग. काँक्रीटला एम २० हा किमान दर्जा आहे. इंजिनिअरनं एम २५ सांगितलं तर त्याचं ऐका, खर्चाकडे बघू नका. एम २० ला ५० किलोच्या एका पोत्यामागे पाणी ३० लिटरच्या वर नको. मिस्त्री पाणी वाढवतो कारण पातळ माल सहज पसरतो, पण ताकद तिथेच जाते. बादलीवर खूण करून द्या. ५ इंची स्लॅबला बीम सोडून सुमारे १२ घनमीटर काँक्रीट आणि ९५ पोती सिमेंट लागतं. संध्याकाळी रिकामी पोती मोजा, ७० निघाली तर मला लगेच कळवा. पोत्यावरचा आठवडा आणि वर्ष वाचा, ३ महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट उतरवून घेऊ नका. व्हायब्रेटर दोन हवेत, एक बंद पडला तर काम थांबायला नको. त्याच काँक्रीटचे सहा क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरून ठेवा आणि २८ दिवसांनी रत्नागिरीत तपासून घ्या. स्लॅबचे टेकू १४ दिवस हलवायचे नाहीत, बीमखालचे २१.

शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर दूर घ्यायचा असा नियम आहे. पण जांभ्यातून पाणी भेगांवाटे लांबवर पळतं, म्हणून जागा आहे तर उताराच्या बाजूला आणखी लांब घेऊया. नकाशात तो गोठ्यामागे दाखवलाय, तो बदलावा लागेल.

ठेकेदाराला मालासकट चौरस फुटाचा दर देऊ नका. तसं केलं की वाचवलेलं प्रत्येक पोतं त्याचा नफा होतो आणि आपल्याला मोजायचा हक्क राहत नाही. माल आपला, मजुरी त्याची. मजुरीचे १० टक्के सुरुवातीला, २० जोतं झाल्यावर, २० भिंती लिंटलवर आल्यावर, २५ स्लॅबला पण टेकू काढून क्यूबचा निकाल आल्यावर, २० गिलावा आणि फरशीनंतर, उरलेले ५ एक पावसाळा उलटल्यावर. सणाला उचल मागेल, तेव्हा झालेलं काम मोजून तेवढीच द्या. मी माझ्या एनआरई (अनिवासी) खात्यातून तुमच्या खात्यात पाठवीन. तिथून पुढे सगळं बँकेतूनच जाऊ द्या आणि बिलं जीएसटी क्रमांकासह तुमच्या नावे घ्या, कारण जागा तुमच्या नावावर होणार आहे. रोख व्यवहाराचा पुढे काहीच पुरावा उरत नाही.

गणपतीला दोन्ही आत्या घरी येतील तेव्हाच हक्कसोडपत्राची तारीख ठरवून घ्या. ताजा सातबारा, ८अ (खातेउतारा) आणि शोषखड्ड्याची जागा बदललेला नकाशा मंदारला पाठवायला सांगा, म्हणजे संदेशच्या मुखत्यारपत्राचा मसुदा मी या आठवड्यातच करतो.

आईनं गुडघ्यांची काळजी घ्यावी. काकूंना नमस्कार, मंदारला आशीर्वाद.

तुमचा,
बाळू