चेटकिणीला तहान लागते

डोंबिवली, रविवार सकाळ

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलंस की चिऊला बालनाट्याला नेतोय, कोथरूडला यशवंतरावमध्ये, आणि तिकिटं तिसऱ्या रांगेत अगदी मधोमध मिळाली. मी 'वा' म्हटलं आणि फोन ठेवल्यावर कपाळाला हात लावला. फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

मे 1992. तू पावणेतीन वर्षांचा. दादरला शिवाजी मंदिरात सकाळचा प्रयोग होता. तेव्हा जागा मिळवायची म्हणजे खिडकीशी जाऊन प्लॅनवर बोट ठेवायचं, आतला माणूस पेन्सिलीनं फुली मारायचा. दोन दिवस आधी ऑफिस सुटल्यावर मी मुद्दाम दादरला उतरले आणि तिसऱ्या रांगेतल्या मधल्या तीन खुर्च्या पटकावल्या. घरी येऊन तुझ्या बाबांना तिकिटं अशी दाखवली, जणू लॉटरी लागली होती.

खरं सांगू, नाटक मलाच बघायचं होतं, तू निमित्त होतास. लहानपणी अण्णा मला गिरगावात साहित्य संघात न्यायचे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये लिटल थिएटर काढलं, रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'नं सुरुवात केली, त्याच्या मागोमाग वाढलेली आमची पिढी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आम्हीच मिशा चिकटवून राजे व्हायचो. इथे मोठी, कसलेली माणसं आमच्यासाठी राजा आणि राक्षस होत. ते मला तुला द्यायचं होतं. पण मी तेव्हा आठ वर्षांची होते रे. आठ आणि पावणेतीन यांच्यातलं अंतर माझ्या लक्षातच आलं नाही.

तुला पहिल्यांदा आवडली ती खुर्ची. तू इतका हलका, की मागे सरकलास की ती मिटायची आणि तुझे पाय हनुवटीला लागायचे. असं पाच-सहा वेळा झालं, दर वेळी तू खदखदून हसलास. त्यातच तिसरी घंटा झाली आणि अंधार झाला. तू खणखणीत आवाजात म्हणालास, "लाइट गेले! आई, मेणबत्ती!" आजूबाजूच्या चार रांगा हसल्या. आपल्याकडे तेव्हा दर दोन दिवसांनी वीज जायची, तुझं काय चुकलं?

मग धूर आला, लाल प्रकाश आला, आणि चेटकीण रंगमंचावरून न येता मागून, प्रेक्षकांतून, किंचाळत आली. तू जो टाहो फोडलास तो मला आजही ऐकू येतो. मी कानात सांगत होते, "अरे ते खोटं असतं, तो काका आहे, साडी नेसलेला." तू आणखी जोरात रडायला लागलास. साडी नेसलेला काका ही कल्पना चेटकिणीहून कमी भयंकर नव्हती, हे मला नंतर कळलं. तुला कडेवर घेऊन मी दहा-बारा जणांच्या गुडघ्यांवरून, 'सॉरी हं, सॉरी हं' करत बाहेर पडले. तुझे बाबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, एका तिकिटाचे पैसे तरी वसूल होऊ देत.

मुद्दा खुर्चीचा नाही. (खरं तर तोही आहे. मधल्या खुर्च्या आताच्या आता रद्द कर, कडेच्या घे, दाराजवळच्या. मागच्या असल्या तरी चालतील, पुढे स्पीकर कानाशी येतात.) मुद्दा पुढचा आहे.

बाहेर लॉबीत डोअरकीपर उभे होते, वयस्क गृहस्थ. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, एक शब्द बोलले नाहीत, दार वीतभर उघडं करून पायानं अडवून धरलं. तू माझ्या खांद्यावरून एक डोळा बाहेर काढलास. चेटकीण नाचत होती. तू तोंड लपवलंस. परत बघितलंस. परत लपवलंस. मग स्वतःच खाली उतरलास, त्या फटीशी गेलास, आणि भीती वाटली की धावत माझ्याकडे, ओसरली की पुन्हा फटीशी. खुर्चीत मी तुला घट्ट धरून, "बघ बघ, इकडे बघ" करत होते. इथे पाठ फिरवायची सोय होती, तर तू अर्धा तास बघितलंस.

आणि मग ते झालं. आत पाठलागाचा प्रसंग चालू होता आणि चेटकीण आमच्याच दारातून धाडकन बाहेर आली. तुझ्यापासून दोन हातांवर. मी तुला उचलायला वाकले, तोवर ती डोअरकीपरना धापा टाकत म्हणाली, "पाणी दे रे, जरा लवकर." त्यांनी तांब्या पुढे केला. तिनं ते वाकडं नाक एका हातानं सांभाळत, डोकं मागे टाकून घटाघट वरून पाणी प्यालं. घामानं तोंडावरचा हिरवा रंग मानेवर ओघळला होता. तुझ्याकडे पाहून तिनं भुवया उडवल्या, तोंड पुसलं, आणि पुन्हा किंचाळत आत.

तू रडला नाहीस. खूप वेळ दाराकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "तिला तहान लागली."

मध्यंतरात वडा खाल्लास, मिरची माझ्या बशीत टाकलीस, आणि झोपेला आलास. आम्ही निघालो. उरलेलं नाटक मला तुझ्या बाबांनी परतीच्या लोकलमध्ये मनानंच रचून सांगितलं, तेही चुकीचं. पण त्यानंतर दिवाळीपर्यंत तू रोज झोपताना स्टीलच्या पेल्यात घोटभर पाणी उरवायचास, चेटकिणीसाठी. सकाळी तो पेला रिकामा असायला हवा, ही जबाबदारी माझी. एकदा विसरले तर तू दिवसभर काळजीत, की ती आली नाही, आजारी असेल.

म्हणून सांगते, चिऊला आधी गोष्ट सांग, चेटकीण आहे हेही सांग, दिवे मालवतात हेही. पंधरा मिनिटं लवकर जा, खुर्ची मिटते ते तिला खेळू दे. ती बाहेर म्हणाली तर लगेच बाहेर, तिकिटाचे पैसे आठवायचे नाहीत. तो मोबाईल खिशात ठेव. तिचा चेहरा टिपायच्या नादात तो बघायचा राहील. मध्यंतरानंतर तिची झोपेची वेळ होते ना? मग घरी या, राक्षस कसा मेला ते तूच सांग. तुझ्या बाबांसारखं नको, नीट सांग.

सूनबाईंना सांग, चिऊला तो टोचणारा फ्रॉक नको, सुती घाला. आणि मला सोमवारी फोन कर, पण तू नको बोलूस, तिच्या हातात दे.

तुझी,
आई

ता. क. तो स्टीलचा पेला अजून आहे. हवा असेल तर पुढच्या खेपेला घेऊन येते.